पंपिंग ६० टक्के, तरीही धाप

(दादर येथे ल्युपस, स्क्लेरोडर्मा आणि संधिवाताचे रुग्ण व त्यांच्या घरच्यांसमोर एका हृदयरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

टू-डी इको म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली हृदयाची तपासणी. तिचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण एकच आकडा शोधतात. पंपिंग किती, म्हणजे हृदयाचा कप्पा एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो? ६० टक्के दिसलं की जीव भांड्यात पडतो. रिपोर्ट फाईलमध्ये जातो, फाईल कपाटात. माझं आजचं भांडण या सवयीशी आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी तो आकडा मोलाचा, यात वाद नाही. पण तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच शरीरावर उलटली असेल, तर हृदयाचं दुखणं पुष्कळदा या आकड्याला धक्काही न लावता सुरू होतं.

यंत्राबद्दल थोडक्यात. स्वीडनमध्ये माल्मोच्या जहाजगोदीत धातूतले तडे ध्वनिलहरींनी शोधत. हेलमुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाने ते यंत्र पाहिलं, पुढे सीमेन्सकडून तसंच एक उसनं आणलं आणि १९५३ साली इंगे एडलर या डॉक्टरांबरोबर त्यावर हृदयाची हालचाल टिपली. माझगाव डॉकमध्ये नोकरी केलेलं कोणी इथे असेल तर वेल्डिंगची ही तपासणी त्यांना नवी नाही. यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. म्हणूनच हा तपास पुन्हा पुन्हा करता येतो.

आता स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाण्याचा आजार, कारण इको इथे सगळ्यात जास्त कामाला येतो. मुंबईत थंडी ती कुठली, पण एसी लोकलमध्ये चढलं की बोटं पांढरी, मग निळी पडतात. हे सांगणाऱ्या बाई हळूच असंही सांगतात की हल्ली स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागतं. घरचे म्हणतात वय झालं, वजन वाढलं, आणि दादरचा पूल आहेच तसा! असेलही. पण स्क्लेरोडर्माच्या साधारण दहांतल्या एका रुग्णात फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. पंपिंगचा आकडा असतो डाव्या बाजूचा. तो ६५ असू शकतो आणि बाईंना पूल चढवत नाही, दोन्ही एकाच वेळी खरं.

मग पाहायचं काय? रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवतात, जेली लावून छातीवर प्रोब ठेवतात. उजव्या बाजूच्या झडपेतून थोडं रक्त उलटं येत असतं, पडद्यावर ते निळ्या झोतासारखं दिसतं. त्या झोताचा वेग मोजायचा. तो सेकंदाला २.८ मीटर आला असं धरा. त्याचा वर्ग करून चाराने गुणलं की ३१ येतात. झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला हा फरक, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. वेग २.८ च्या वर गेला की आम्ही कान टवकारतो, ३.४ च्या वर संशय दाट होतो. मेख अशी की प्रोब झोताच्या रेषेत नसेल तर वेग कमी भरतो. म्हणून चांगला तपासनीस दोन-तीन जागांवरून मोजतो, उजवा कप्पा फुगलाय का, डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा चपटा झालाय का तेही बघतो. काहींमध्ये झोत मोजण्याइतका दिसतच नाही. त्यावरून दाब वाढलेला नाही असं कोणी ठरवू नये. आणि एवढं करूनही इको फक्त संशय सांगतो. पक्कं निदान उजव्या बाजूच्या कॅथेटर तपासणीनेच, म्हणजे शिरेतून नळी घालून आतला दाब मोजल्यावरच होतं. तरी दरवर्षी इको करायचा, धाप लागत नसली तरी.

म्हणून इकोच्या चिठ्ठीवर नुसतं ‘रूटीन’ लिहिलेलं असेल तर स्वतः सांगा: मला स्क्लेरोडर्मा आहे, उजव्या बाजूचा दाब बघा. आमच्याकडे रांगेत ३० माणसं असतात. तुम्ही सांगितलंत तर पाच मिनिटं जास्त मिळतात, हे उघड गुपित आहे.

ल्युपस हा सांधे, त्वचा, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना सूज आणणारा आजार. त्यात तक्रार बहुधा हृदयाच्या आवरणाची. छातीत कळ येते, आडवं पडलं की वाढते, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. इकोवर आवरणात पाणी असेल तर हृदयाभोवती काळी पट्टी दिसते. झडपांवर जंतूंशिवायही गाठी धरतात. लिबमन आणि सॅक्स यांनी १९२४ मध्ये त्यांचं वर्णन केलं. रक्तात गुठळ्या व्हायला लावणारी फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं असलेल्यांमध्ये त्या जास्त, आणि तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात. छातीवरून त्या निसटतात, तेव्हा अन्ननलिकेतून इको करावा लागतो. ताप असेल तर आधी रक्तात जंतू नाहीत ना, हे तपासायलाच हवं.

रूमॅटॉइड संधिवातात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट धरतात. ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू सैल पडायला जो वेळ लागतो तो, आणि स्नायू किती आकसतो याचं ‘स्ट्रेन’ नावाचं मोजमाप, यांत बिघाड लवकर कळू शकतो. पण साधा इको हृदयाच्या धमन्यांतले ब्लॉकेज दाखवत नाही. तेव्हा इको चांगला आला म्हणून मिश्री चालू ठेवायची, बीपीची गोळी सोडायची, असलं काही नको.

शेवटचं, तरुण मुलींसाठी, आणि त्यांच्या सासूबाईंसाठीही. ल्युपससारख्या आजारांत काहींच्या रक्तात अँटी-रो (Anti-Ro) नावाची प्रतिपिंडं असतात. ती असतील तर वारेतून बाळाकडे जातात. अशा शंभर गरोदरपणांत एक-दोन बाळांच्या हृदयाची विद्युतवाहिनी बिघडून ठोके मंदावतात. म्हणून साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यापर्यंत पोटातल्या बाळाचा इको करतात. आधीच्या बाळाला हा त्रास झालेला असेल तर पुढच्या खेपेला धोका कितीतरी वाढतो, आणि ल्युपसमध्ये नेहमी देतात त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळीने तो कमी होतो. दिवस राहिले की हीच गोळी परस्पर बंद करून येणाऱ्या मुली मला अजून भेटतात. पोटुशी बाईला गोळ्या चालत नाहीत, असं घरात कोणीतरी सांगितलेलं असतं. ही चालते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.