भावाची किडनी बिघडली, तुमची लघवी तपासली का?

नमस्कार श्रोतेहो.

"शुगर आमच्या घराण्यातच आहे" हे वाक्य परळ-लालबागकडे दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला रोज ऐकू येतं. आजोबांना होती, आईला होती, आता मला. लोक अगदी मोकळेपणानं सांगतात. पण "किडनीचं घरात कोणाला काही?" असं विचारलं की गाडी अडते. मग बायको हळूच म्हणते, "मोठे भाऊजी डायलिसिसवर होते की." त्यावर नवरा लगेच, "त्याचं सोडा, त्यानं पथ्य कधी पाळलंच नाही." आज मला बोलायचंय ते या मोठ्या भावाबद्दल.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाची किडनी बिघडत नाही. साधारण शंभरातल्या तीस-चाळीस जणांची बिघडते. उरलेल्यांमध्ये असेही महाभाग असतात, ज्यांची साखर वर्षानुवर्षं ताब्यात नव्हती आणि तरी लघवीचा रिपोर्ट स्वच्छ. बोस्टनच्या जोस्लिन केंद्रानं पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षं इन्शुलिनवर काढलेल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातल्या पुष्कळांच्या किडन्या शाबूत निघाल्या. उलट काही जण पथ्य, गोळ्या, चालणं सगळं सांभाळतात आणि तरी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, चढत जातं. "डॉक्टर, माझं काय चुकलं?" असं ते विचारतात. फार काही चुकलेलं नसतं, हेच खरं उत्तर असतं.

१९८९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एलिझाबेथ सीक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी सख्खी भावंडं तपासली, ज्यांना दोघांनाही मधुमेह होता. एका भावंडाची किडनी बिघडलेली असेल, तर दुसऱ्याच्या किडनीवर परिणाम दिसण्याचं प्रमाण निघालं ८३ टक्के. पहिल्याची किडनी चांगली असेल, तर १७ टक्के. अभ्यास लहानच होता, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा. पुढच्याच वर्षी ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींचे आकडे आले. लघवीतून प्रथिनं जाणं ही किडनी बिघडल्याची खूण. आईवडिलांपैकी कोणाच्याच लघवीतून ती जात नसतील, तर मधुमेह झालेल्या मुलांमध्ये ती जाण्याचं प्रमाण १४ टक्के, एकाच्या जात असतील तर २३, आणि दोघांच्याही जात असतील तर ४६.

म्हणजे मधुमेहाचा वारसा एक आणि त्या साखरेपुढे किडनी किती तग धरेल याचा वारसा दुसरा. आता कोणी म्हणेल, एकाच घरात एकच मीठ, तेच पापड-लोणचं, तीच सुकी मासळी. मग दोष रक्ताचा की ताटाचा? दोन्हीचा असू शकतो. पण जनुकांचा वाटा आता प्रयोगशाळेतही दिसू लागलाय.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत पाठवतात. चहाच्या गाळणीला जशी जाळी, तसा इथे एक अतिशय पातळ पडदा असतो, आणि तो कोलॅजन नावाच्या प्रथिनानं विणलेला असतो. मधुमेहात हा पडदा जाड होतो, बिघडतो आणि प्रथिनं गळायला लागतात. २०१९ साली टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, सुमारे १९ हजार लोकांच्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध झाली. या कोलॅजनच्या एका जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांना किडनीच्या आजाराचा धोका कमी निघाला. गंमत म्हणजे साखर जास्त असलेल्यांमध्ये हा फायदा अधिक ठळक होता. जनुकाची परीक्षा साखरच घेते, असं म्हणा हवं तर.

मग जीन टेस्ट करून घ्यायची का? माझं मत विचाराल तर त्यावर पैसे घालवू नका. अशी जनुकं पुष्कळ, एकेकाचा परिणाम थोडा, आणि ही पाहणी झाली ती युरोपीय वंशाच्या लोकांवर. त्यापेक्षा गावच्या काकांना, नालासोपाऱ्याच्या आत्याला फोन करा आणि कोणाची किडनी कशानं गेली ते विचारा. हे सोपं नाही, कबूल. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून आईचं डायलिसिस लपवणारी घरं मी पाहिली आहेत. पण निदान भावंडांत तरी लपवू नका. आणि केस पेपर काढलात की डॉक्टरांना आपणहून सांगा. गर्दीच्या ओपीडीत ते विचारतीलच असं नाही.

तपासणी साधी आहे. लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, लॅबवाले त्याला युरिन एसीआर म्हणतात. ३०च्या आत ठीक. जास्त आलं तर घाबरू नका, ताप किंवा लघवीचा संसर्गही ते वाढवतो, म्हणून ती पुन्हा करतात. लोक उपाशीपोटी रक्त देतात आणि लघवीची बाटली मात्र टाळतात, लोकल चुकते म्हणून. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना!" यावर समाधान मानू नका. ते वाढतं तोवर किडनीचं बरंच काम गेलेलं असतं. टाइप २, म्हणजे बहुतेकांना असतो तो मधुमेह, असेल तर निदान झाल्यापासून आणि टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर, दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी.

लवकर सापडलं तर हातात औषधं आहेत. १९९३ सालीच कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीनं टाइप १मध्ये किडनीची घसरण मंदावते हे सिद्ध झालं, आणि अलीकडे टाइप २मध्ये लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनीही तेच केलंय. तरी "शुगरच्या गोळ्यांनीच किडनी जाते" ही समजूत काही जात नाही. ती येते कुठून, तर किडनी कमजोर झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी कमी करतात किंवा थांबवतात, आणि घरच्यांना वाटतं की दोषी तीच. मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेल्या अंगदुखीच्या गोळीवर मात्र कोणी संशय घेत नाही. खरं तर तीच घातक.

शेवटी किडनीदानाविषयी. वडिलांना मधुमेह, मोठ्या मुलाची किडनी मधुमेहानं गेलेली, आणि पस्तिशीतला धाकटा म्हणतो, "माझी घ्या." तेव्हा डॉक्टर त्याची साखर आणि लघवी बारकाईनं बघतात, आणि सगळं ठीक आलं तरी थोडे कचरतात. कधीकधी ते साठीतल्या, मधुमेह नसलेल्या आईकडे वळतात. घरच्यांना हे उलटं वाटतं: तरुण सोडून म्हातारीची किडनी? पण आईला साठीपर्यंत मधुमेह झालेला नाही. धाकट्यापुढे अजून चाळीस वर्षं आहेत, रक्त त्याच घराचं आहे, आणि उद्या साखर वाढलीच तर तिला तोंड द्यायला त्याच्याकडे एकच किडनी उरलेली असेल.

नमस्कार.