थोडक्यात हुकलं

[दृश्य: स्लॉट मशीन, म्हणजे जुगाराचं यंत्र; त्याची रिळं एकेक करून थांबतात]

सात. सात. तिसरा सात जिंकण्याच्या रेघेच्या एक घर वर, आणि रेघेवर कोरी जागा. बघणारा चुकचुकतो. पण निकाल रिळं लावत नाहीत. बटण दाबलं तेव्हाच आतल्या चिपनं आकडा काढलेला असतो; रिळं तो फक्त दाखवतात.

[दृश्य: मशीनचं दार उघडं, मोटर, सर्किट बोर्ड]

रिळावर २२ थांबे आहेत. तिन्ही रिळं खरोखर गरगर फिरून आपोआप थांबत असती, तर जॅकपॉट सरासरी १०,६४८ फेऱ्यांत एकदा लागला असता. १९८४ साली अमेरिकेत इंगे टेल्नेस यांना पेटंट मिळालं आणि हे गणित मोडलं. चिपमध्ये दुसरं, आभासी रीळ आलं. समजा त्यावर ६४ थांबे आहेत. जॅकपॉटच्या चिन्हाला त्यातला एकच द्यायचा आणि त्याच्या लगतच्या कोऱ्या घरांना पाच-पाच, सहा-सहा. आता जॅकपॉट २,६२,१४४ फेऱ्यांत एकदा. डोळ्यांना मात्र तीच २२ घरं दिसतात, आणि रेघेच्या वर-खाली सात सारखा डोकावत राहतो.

[दृश्य: एमआरआय स्कॅनर, आतल्या पडद्यावर दोन रिळं]

या डोकावण्यानं काय होतं, ते केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी तपासलं. निष्कर्ष २००९ मध्ये आले. दोन रिळं, सहा चिन्हं, जुळलं तर ५० पेन्स. सहा फेऱ्यांत सरासरी एक जिंकायची, दोन थोडक्यात हुकायच्या, तीन सपशेल हरायच्या. हुकलेली फेरी लोकांना सपशेल हरण्याहूनही जास्त खटकली, तरी पुन्हा खेळायची इच्छा वाढली. मात्र चिन्ह स्वतः निवडलं असेल तरच. संगणकानं निवडलं तर नाही. (मटक्यातही आकडा ‘आपला’ असतो.) स्कॅनमध्ये, जिंकल्यावर उजळणारा मेंदूतला स्ट्रायटम हा भाग हुकल्यावरही उजळला.

[दृश्य: व्हिडिओ स्लॉट, म्हणजे पडद्यावरचं मशीन; नाणी उसळतात, संगीत]

एकाच फेरीत वीस ओळींवर एकेक, असे वीस रुपये लावले, सहा परत आले. चौदा गेले, पण मशीन जिंकल्याचंच संगीत वाजवतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात नवख्या खेळाडूंच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेच्या विद्युतवाहकतेतला बदल मोजला. अशा ‘जिंकण्या’वर शरीराचा प्रतिसाद खऱ्या जिंकण्यासारखाच निघाला.

कर्ज, मोडलेले संसार, आत्महत्येचे विचार: हे सगळं इथून पुढचं.

उपचारकक्षात कॅमेरा नेलेला नाही. २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्याच प्रकरणात आहे. नऊ लक्षणांपैकी चार वर्षभरात दिसली, तर निदान होतं. हरलेले पैसे वसूल करायला पुन्हा जाणं हे त्यातलं एक. उपचारात वर्तन-विचार पद्धतीवर भर असतो. कुठल्या वेळी, कुठल्या मनःस्थितीत, हातात किती पैसे असताना खेळ सुरू झाला, याची नोंद ठेवायची. ‘आता लागायलाच हवं’ हा समज कागदावर तपासायचा. पैशाचे व्यवहार काही काळ घरच्या विश्वासू माणसाकडे सोपवायचे. ही शेवटची पायरी टाळली, तर पगाराच्या दिवशी सगळं मुसळ केरात. काहींना डॉक्टर नालट्रेक्सोन हे औषध देतात. त्याआधी यकृताची तपासणी करतात.

[दृश्य: नॉर्वे, दुकानातलं मशीन, कार्ड सरकवणारा हात]

माणसाला सुधारायचं, हे सगळीकडे चालतं. नॉर्वेनं मशीनच सुधारायला घेतलं. २००६ मध्ये मशीनमध्ये नोटा टाकायला बंदी आली. १ जुलै २००७ पासून सगळी मशिनं उचलली गेली, आणि मदतवाहिनीवरचे फोन कमी झाले. नंतर सरकारी कंपनीनं नवी मशिनं आणली, ती नाव नोंदवलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नसत. हरण्याची मर्यादा सुरुवातीला दिवसाला ४०० आणि महिन्याला २,२०० क्रोनर होती. ती संपली की शेजारच्या मशीनवरही तेच कार्ड चालत नसे.