चोर सोडून संन्याशाला सुळी: रॉ फाइल, रंग आणि व्हाइट बॅलन्स

उपस्थित छायाचित्रकार मित्रहो, रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेले कच्चे आकडे, संगणकावर उघडली आणि रंग बिघडलेला दिसला, की आपला हात आपसूक व्हाइट बॅलन्सच्या, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचा रंग जुळवणाऱ्या, स्लायडरकडे जातो. रंग सुधारला नाही तर आपण तोच स्लायडर आणखी ओढतो, मग टिंट (हिरवा-जांभळट तोल बदलणारा स्लायडर) हलवतो आणि शेवटी कॅमेऱ्याला दोष देतो. आज मला एवढेच मांडायचे आहे की रंग नेमका कोणत्या टप्प्यावर बिघडला हे आधी ओळखावे. ते न ओळखता केलेली दुरुस्ती म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

सुरुवात सेन्सरपासून करू. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या ज्या रचनेला १९७६ साली पेटंट मिळाले, तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचा फिल्टर, त्यांपैकी निम्मे हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. त्यामुळे रॉ फाइलमध्ये एका बिंदूसाठी एकच आकडा असतो आणि पांढरा रंग नावाची गोष्ट तिच्यात मुळातच नसते. सेन्सरचा हिरवा प्रतिसाद सामान्यतः सर्वांत जोरकस असल्याने हे आकडे जसेच्या तसे दाखवले तर चित्र हिरवट दिसते. म्हणून रॉ कन्व्हर्टर, म्हणजे रॉ फाइलचे चित्र बनवणारे सॉफ्टवेअर, लाल आणि निळ्या चॅनलला (त्या त्या रंगाच्या आकड्यांना) एकेका गुणकाने गुणतो. हिरव्याचा गुणक १ धरला तर दिवसाच्या उजेडात लालचा २ आणि निळ्याचा दीड असू शकतो. व्हाइट बॅलन्स म्हणजे हे गुणक ठरवणे. कॅमेऱ्यात आपण जे सेटिंग निवडतो, ते रॉ फाइलसोबत केवळ टिपणासारखे जाते.

प्रकाशाचा रंग सांगणाऱ्या केल्व्हिनच्या आकड्याबाबत जो गोंधळ होतो, तो येथेच मिटतो. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १९०० केल्व्हिन, साध्या तारेच्या दिव्याचा २७०० ते ३०००, दुपारच्या उन्हाचा साधारण ५५००, तर निरभ्र आकाशाखालच्या सावलीचा ७००० वा त्याहून अधिक. म्हणजे आकडा वाढतो तसा प्रकाश निळा होतो. मग स्लायडर ८००० कडे नेला की चित्र पिवळे का होते? कारण तो आकडा चित्राला कोणता रंग द्यायचा हे सांगत नसून ‘त्या वेळी प्रकाश असा होता’ अशी साक्ष देतो. प्रकाश निळा होता असे सांगितले की सॉफ्टवेअर निळा घटवते. शिवाय ही मोजपट्टी डोळ्याच्या दृष्टीने समान अंतरांची नाही: ३००० वरून ३२०० वर गेल्यास फरक ठळक दिसतो, ८००० वरून ८२०० वर गेल्यास तो जाणवतही नाही.

आता ज्यांचा आळ व्हाइट बॅलन्सवर येतो असे खरे चोर पाहू. पहिला म्हणजे जळालेले हायलाइट, म्हणजे मर्यादेपलीकडे उजळलेले भाग. १४ बिटच्या फाइलमध्ये आकडा १६३८३ च्या पुढे जाऊ शकत नाही. ढगाचा प्रखर भाग तिन्ही चॅनलमध्ये या मर्यादेला टेकला, तर सेन्सरच्या दृष्टीने तिन्ही आकडे सारखे झाले. पण त्यानंतर वरचे गुणक लागले की लाल ३२७६६ वर जातो, निळा सुमारे २४५७५ वर, आणि हिरवा मात्र जागच्या जागी राहतो. परिणामी ढग गुलाबी दिसतो. चांगले कन्व्हर्टर अशा जागी तिन्ही चॅनल एका पातळीवर छाटतात किंवा शेजारच्या बिंदूंवरून रंगाचा अंदाज बांधतात. टिंट हिरव्याकडे ओढून तो ढग पांढरा करणारे मी पाहिले आहेत. ढग पांढरा होतो, पण त्याखालची माणसे आजारी दिसू लागतात. आयड्रॉपरने (चित्रातला बिंदू टिपून त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवणाऱ्या साधनाने) पांढरा बिंदू निवडतानाही अशी जळालेली जागा कधीच घेऊ नये, कारण तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते.

दुसरा चोर अंधारात लपतो. पूर्ण काळोखातही सेन्सरचा आकडा शून्य नसतो. कॅमेरा एक ठरावीक पाया ठेवतो, त्याला ब्लॅक लेव्हल म्हणतात, आणि गुणाकारापूर्वी तो वजा करावा लागतो. सॉफ्टवेअरने तो कमी वजा केला, तर उरलेला अंश लाल आणि निळ्यात गुणला जाऊन सावल्या जांभळट होतात. जास्त वजा केला तर त्या हिरवट होतात. मधले टोन शुद्ध आणि सावल्याच रंगलेल्या असतील, तर हा संशय आधी घ्यावा. असा दोष व्हाइट बॅलन्सने कधीच जात नाही, कारण गुणाकाराने वजाबाकीची चूक भरून निघत नाही.

तिसरा प्रकार दुहेरी दुरुस्तीचा. डार्कटेबल या रॉ कन्व्हर्टरमध्ये ३.४ या आवृत्तीपासून ‘कलर कॅलिब्रेशन’ हे मॉड्यूल आले. ते वापरायचे तर जुने व्हाइट बॅलन्स मॉड्यूल कॅमेऱ्याच्या संदर्भ-मूल्यावर ठेवावे लागते. ते तसे न ठेवता दोन्हीकडे प्रकाशाचा रंग काढला, तर रंग कुठेच बसत नाही.

प्रकाश स्वतःच सदोष असेल तर मात्र सॉफ्टवेअरचा इलाज तोकडा पडतो. खिडकीचा निळसर उजेड एका गालावर आणि दिव्याचा पिवळा दुसऱ्या गालावर असेल, तर एकच गुणक दोघांना न्याय देऊ शकत नाही. तिथे मास्क लावून, म्हणजे चित्राचा ठरावीक भागच निवडून, भाग वेगळे करावेच लागतात. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ संपूर्ण ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्याखाली निळा आणि हिरवा कपडा यांतला फरक सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही, आणि जे नोंदलेच गेले नाही ते गुणून काय मिळणार? हलक्या प्रतीच्या एलईडीखाली याचीच सौम्य आवृत्ती दिसते: ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठी चित्रात धरायचा तटस्थ करडा पुठ्ठा) अगदी करडे येते, त्वचा मात्र निस्तेज राहते.

आणि शेवटचा संशयित म्हणजे आपले डोळे. एका रात्री मी पिवळ्या दिव्याजवळ बसून बरीच छायाचित्रे संपादित केली. डोळे त्या दिव्याला सरावले होते, म्हणून मॉनिटर निळसर भासत होता आणि मी प्रत्येक चित्र थोडे थोडे उबदार करत गेलो. सकाळी पाहिले तर सगळ्या चेहऱ्यांना कावीळ झालेली! तेव्हापासून मॉनिटर ६५०० केल्व्हिनला कॅलिब्रेट करतो आणि खोलीतला दिवाही त्याला जुळेल असा ठेवतो.

‘रॉ आहे, व्हाइट बॅलन्स नंतर पाहू’ हे वाक्य मला अर्धेच पटते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बहुधा व्हाइट बॅलन्स लावलेल्या जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे सेटिंग फार चुकीचे असेल तर कोणता चॅनल जळतो आहे याची माहितीही चुकीची मिळते. दिव्याच्या प्रकाशात निळ्याला मोठा गुणक लागतो आणि त्याबरोबर निळ्या चॅनलमधला नॉइजही (दाणेदारपणाही) तितकाच वाढतो. हे नंतर पाहण्यासारखे नाही, प्रसंगी प्रकाशच बदलावा लागतो.

ग्रे कार्डवरून आलेला आकडाही मी अंतिम मानत नाही. मंद पिवळ्या उजेडात डोळा त्या प्रकाशाशी पूर्ण जुळवून घेत नाही, म्हणून तिथे पूर्ण तटस्थ केलेले चित्र खोटे वाटते. दिवा २७०० केल्व्हिनचा असेल तर मी स्लायडर ३१०० च्या आसपास सोडतो आणि भिंतीवर थोडा पिवळेपणा राहू देतो.