दोरीवरचा सांगाडा

तळघरात ॲसिडचा हौद आहे. त्यात मेलेला उंदीर टाकतात आणि वर येतात नुसती हाडं. चित्रपटाच्या शेवटाची सगळी तयारी या एका प्रसंगात झाली आहे.

चित्रपट 'हाउस ऑन हॉन्टेड हिल', साल १९५९, दिग्दर्शक विल्यम कॅसल. धनाढ्य फ्रेडरिक लॉरेन पाच जणांना चक्क अंत्ययात्रेच्या गाड्यांमधून बोलावून घेतो. झपाटलेल्या घरात रात्र काढा, प्रत्येकी १०,००० डॉलर मिळवा! बाहेरून दिसणारी वास्तू आहे लॉस एंजेलिसमधलं एनिस हाउस, वास्तुकार फ्रँक लॉइड राइटची १९२४ची काँक्रीटच्या नक्षीदार ठोकळ्यांची रचना. आतलं घर मात्र सेटवरचं, जुन्या वळणाचं.

पाहुण्यांना भेट म्हणून पिस्तुलं मिळतात, तीही चिमुकल्या शवपेट्यांमध्ये. पण खरी गंमत नवराबायकोत आहे. अभिनेता व्हिन्सेंट प्राइसचा लॉरेन शॅम्पेनच्या बाटलीचं बूच बायकोवर रोखतो, तेही अगदी अदबीनं. प्राइस कुठेही हशा मागत नाही. त्या मऊ आवाजामुळेच धमकी विनोदी होते आणि विनोदाची भीती वाटते.

आता शेवट, चित्रपट पाहायचा असेल तर इथे थांबा. बायकोनं प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला मारायचा बेत रचलेला असतो. पण लॉरेननं पिस्तुलात फुसकी काडतुसं भरलेली असतात. हौदातून सांगाडा उठतो, तिला मागे रेटतो, ती ॲसिडमध्ये पडते. मग अंधारातून लॉरेन येतो आणि सांगाड्याच्या दोऱ्या गुंडाळायला लागतो. भूत म्हणजे कळसूत्री बाहुली, हे दिग्दर्शक स्वतःच उघड करतो. हे धाडस मोठं आहे.

याच क्षणासाठी काही थिएटरांत 'इमर्गो' नावाची योजना होती. पडद्याजवळच्या पेटीत प्लास्टिकचा सांगाडा, डोळ्यांच्या खोबणीत लाल दिवे, प्रेक्षकांच्या डोक्यावरून ताणलेली तार. पडद्यावर सांगाडा उठला की हाही निघायचा. यात वेळ नेमकी साधावी लागते. सांगाडा उशिरा सुटला, तर पडद्यावर दोऱ्या दिसून गेलेल्या असतात आणि दचकायला काही उरत नाही. तार प्रोजेक्टरच्या झोतात आली, तर सावली पडद्यावर पडते.

सगळ्यात मोठी अडचण मात्र प्रेक्षकांचीच झाली. बातमी फुटली, आणि पोरं बेचक्या घेऊन सांगाड्यावर नेम धरायला येऊ लागली.