९४.६ टक्के: क्यूसी लॅबमधला एक आकडा

स्क्रीनवर ही सपाट रेघ चाललीय ना, तिच्याकडे बघत राहा. काही नाही, काही नाही... आणि हा चढला वर. याला इथे पीक म्हणतात. पॅरासिटामॉलच्या गोळ्या कुटून, सॉल्व्हंटमध्ये विरघळवून, गाळून या एचपीएलसी मशीनमध्ये सोडल्यात, आत वीतभर लांबीची स्टीलची नळी आहे, तो कॉलम, त्यातून प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पॅरासिटामॉलची वेळ झाली की डिटेक्टर हा पीक काढतो. त्याच्या खालचा एरिया स्टँडर्डशी, म्हणजे शुद्धता आधीच माहीत असलेल्या नमुन्याशी, ताडून बघायचा, की गोळीत औषध नेमकं किती ते कळतं. पाकिटावर लिहिलंय ५०० मिलिग्रॅम, लिमिट ९५ ते १०५ टक्के, म्हणजे ४७५ ते ५२५ च्या मधे आकडा आला तर बॅच पुढे जाणार.

हे करणारा तो क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल केमिस्ट. महाराष्ट्रात एमएस्सी केमिस्ट्री करून बाहेर पडलेल्या कितीतरी पोरापोरींची पहिली नोकरी हीच.

(दृश्य: बोईसर स्टेशन, सकाळची गर्दी, शेअर रिक्षा)

तारापूर एमआयडीसी म्हणजे उतरायचं बोईसरला. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून विरारकडून अप-डाऊन करणाऱ्यांची जरा सोय झाली, बाकीचे इथेच कॉट बेसिसवर राहतात, एका रूममध्ये चौघं, एकाची नाईट एकाची फर्स्ट, त्यामुळे कोणीतरी कायम झोपलेलं. लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ, वाळूज, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हेच.

आता कॉलेजचं बघू. बीएस्सीची तीन वर्षं, एमएस्सीची दोन, वहीभर मेकॅनिझमचे बाण काढलेले, नेम रिअ‍ॅक्शन पाठ. आणि प्रॅक्टिकलला टायट्रेशन. आधी पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, मग सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, सारखं येणारं रीडिंग. आणि खरं सांगायचं तर त्या तीन रीडिंग कशा यायच्या हे आपल्या सगळ्यांना माहितीये, १०.२, १०.२, १०.२. पहिलं खरं, पुढची दोन वहीतच झालेली, आणि मागच्या बेंचवर तर पहिलंही हुशार मुलीच्या जर्नलमधून आलेलं. सर सही करतात, एक्स्टर्नल मार्क देतात, कोणाचंच काही बिघडत नाही.

ही सवय घेऊन पोरं लॅबमध्ये येतात आणि इथेच सगळा घोळ होतो. माझं तर स्पष्ट मत आहे, ऑरगॅनिक कच्चं असलं तर शिकवता येतं, रीडिंग जुळवायची सवय सोडवणं महाकठीण.

कारण समजा आकडा आला ९४.६. म्हणजे ओओएस, आउट ऑफ स्पेसिफिकेशन. संध्याकाळचे सहा वाजलेत, बस सुटायचीय, प्रोडक्शनवाला दोनदा फोन करून गेलाय की रिपोर्ट कधी. परत एक इंजेक्शन मारलं, म्हणजे तेच सोल्युशन मशीनमध्ये पुन्हा सोडलं, ९५.३ आलं, पहिलं विसरून गेलं, झालं? नाही. आधी सुपरवायझरला सांगायचं, बनवलेली सोल्युशन्स ओतून टाकायची नाहीत, मग वजनाचा प्रिंटआउट, डायल्युशन, पिपेट, स्टँडर्डची सहा इंजेक्शन्स सारखी आली होती का, सगळं बघायचं, आणि लॅबची चूक खरोखर सापडली तरच पहिला आकडा बाद. पास होईपर्यंत टेस्ट करत राहायचं चालणार नाही, हे १९९३ मध्ये अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात कोर्टाने ठणकावून सांगितलं आणि आज बोईसरची पोरगी ओओएसचा फॉर्म भरते त्याचं मूळ तिथवर जातं. शिवाय सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल असते. कोणी किती वाजता लॉगिन केलं, कुठलं इंजेक्शन अर्ध्यात बंद केलं, सगळं राहतं. ऑडिटर येतो तो कधीकधी आधी तेच उघडतो.

वहीचंही तसंच. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, चुकलं तर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, कारण. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, हे इथलं रोजचं वाक्य. पहिले काही महिने पोरं वैतागतात, मी केमिस्ट म्हणून आलो की कारकून म्हणून, असं विचारतात. दोन्ही, बाबा.

(दृश्य: रिअ‍ॅक्टर, रात्रपाळी)

काहीजण मात्र मुद्दाम प्रोडक्शनला जातात. तीन शिफ्ट, सॉल्व्हंटचा वास, उन्हाळ्यात तर हाल. पण त्यामागे हिशोब आहे. औषध बनवायचं तर ते मान्यता असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच, असं १९४५ चे ड्रग्ज रूल्स सांगतात. बीफार्मवाल्याला त्यासाठी १८ महिन्यांचा अनुभव पुरतो, केमिस्ट्रीच्या बीएस्सीला तीन वर्षं लागतात, तीही औषधनिर्मितीतली. एकदा का एफडीएचं, म्हणजे आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, अप्रूव्हल मिळालं की त्या कागदावर नोकऱ्या मिळतात. जाहिरातीत सरळ लिहिलेलंच असतं, एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट पाहिजे.

पीएचडीचा रस्ता वेगळा, नेट परीक्षा काढायची, पुण्याच्या एनसीएलसारख्या संशोधन संस्थेत गाईड मिळवायचा, पाच-सहा वर्षं धरून चालायची. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ लागेल.

इथे इंटरव्ह्यूला काय विचारतात? मोबाईल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारं द्रावण, का गाळता? बारीक कण गेले तर कॉलम चोक होतो, प्रेशर चढतं म्हणून. बफर, म्हणजे क्षार विरघळवलेलं पाणी, चालवल्यावर कॉलम थेट मेथॅनॉलने का नाही धुवायचा? आतल्या आत मीठ बसतं, म्हणून आधी पाणी. एवढं नीट सांगितलं की समोरचे साहेब पेन खाली ठेवतात आणि विचारतात, नाईट शिफ्टला चालेल ना?