शार्त्र: काचा खालून वर वाचाव्यात

(दृश्य: रेल्वेच्या खिडकीतून गव्हाची शेतं)

पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनातून सुटलेली गाडी तासा-सव्वा तासात शार्त्र या गावी पोचते. अंतर 90 किलोमीटरच्या आसपास. वाटेत बोसचा सपाट मुलूख, नजर जाईल तिथवर गहूच गहू. त्यामुळे गाव नजरेत यायच्या कितीतरी आधी कॅथेड्रलचे, म्हणजे तिथल्या भव्य चर्चचे, दोन मनोरे दिसायला लागतात. त्यांचं एकमेकांशी काही जमत नाही. दक्षिणेचा बाराव्या शतकातला, साधा, गुळगुळीत. उत्तरेच्या मनोऱ्यावर 1506 मध्ये वीज पडली आणि त्याचं जुनं टोक गेलं. नवं टोक चढवलं तेव्हा जमाना बदलला होता, म्हणून त्यावर दगडाची भरगच्च जाळी आहे.

(दृश्य: पश्चिमेचं प्रवेशद्वार)

आत जायची घाई नको. उजव्या दाराच्या कमानीत एक बाई सापडते का बघा. हातात छडी, पायाशी दोन पोरं. एकाचं डोकं पुस्तकात, दुसरा त्याचे केस ओढतोय. ही बाई म्हणजे व्याकरण! बाराव्या शतकात इथली शाळा युरोपभर नावाजलेली होती, आणि वर्गातली मस्ती तेव्हाही हीच होती.

1194 च्या जूनमध्ये लागलेल्या आगीत जुनं कॅथेड्रल जवळजवळ सगळं जळालं. हे तोंड वाचलं, त्यातल्या तीन खिडक्या वाचल्या, तळघर वाचलं. गावाचा जीव मात्र अडकला होता एका रेशमी वस्त्रात. मेरीमातेचं म्हणून ते इथे पुजलं जातं. 876 मध्ये राजा शार्लने दिलेलं. ते सुखरूप सापडलं आणि लोकांना हुरूप आला. पंचविसेक वर्षांत नव्या कॅथेड्रलचं मुख्य बांधकाम उभं राहिलं, म्हणून आतून ते एकाच हाताने घडवल्यासारखं वाटतं. छत 37 मीटर उंच.

(दृश्य: आतला अंधार, मग रंगीत काचा)

सगळे मान वर करतात. मीही केली. पण इथल्या खिडक्या वाचायच्या खालून वर, आणि माझ्या मते खरी गंमत अगदी तळाच्या चौकटींतच आहे. उत्तरेच्या भिंतीवर बायबलमधल्या नोहाची गोष्ट सांगणारी खिडकी आहे. तिच्या पायथ्याशी सुतार, चाकं घडवणारे, पिंपं बांधणारे. दक्षिणेला बायबलमधल्याच भल्या शोमरोन्याची, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्याची, खिडकी, तिथे चांभार कामाला बसलेत. दारासमोर थेट पूर्वेच्या टोकाला असलेल्या मधल्या उंच खिडकीत तळाला दोघे पाववाले भाकऱ्यांची मोठी टोपली खांद्यावर घेऊन निघालेत, आणि त्यांच्या वर मेरीमाता. या खिडक्यांचा खर्च या मंडळींनीच केला, असं बराच काळ मानलं गेलं. आता अभ्यासकांत त्यावर वाद आहे. पैसे कुणाचेही असोत, आठशे वर्षं देवाच्या पायाशी धंदा मांडून बसलेत ते हेच लोक. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या.

1939 मध्ये युद्धाची चाहूल लागताच या काचा उतरवून सुरक्षित जागी हलवल्या होत्या. 1944 च्या ऑगस्टमध्ये मनोऱ्यात जर्मन टेहळे असल्याचा संशय होता आणि अमेरिकन तोफा त्यावर चालायच्या बेतात होत्या. कर्नल वेलबॉर्न ग्रिफिथ स्वतः आत जाऊन खात्री करून आले, कुणी नव्हतं. इमारत वाचली. त्याच दिवशी शेजारच्या लेव्ह गावात ते मारले गेले.

(दृश्य: उजळलेल्या भिंती)

2009 पासून आतल्या भिंतींची काजळी काढून त्या पुन्हा फिकट रंगात आणल्या जातायत. काहींना हा घोर अपराध वाटतो. मला भिंती आवडल्या. पण त्याच ओघात खांबावरची काळी मेरीमाता गोरी झाली, ते काही पचनी पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हात जोडले ते काळ्या मूर्तीपुढे.

जमिनीवरचं वर्तुळाकार चक्रव्यूह बघायचं असेल तर शुक्रवार गाठा, तोही हिवाळा सोडून. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. एकच वाट, कुठेही न फुटणारी, 260 मीटरहून लांब.

(दृश्य: उतारावरच्या गल्ल्या, नदीकाठ)

बाहेर पडून खाली उतरा. एर नदी, छोटे दगडी पूल, पाण्याला टेकलेल्या धोबीघाटांच्या लाकडी पडव्या. बहुतेक पर्यटक इथवर येतच नाहीत.

आणखी थोडी पायपीट करून मेझों पिकासिएत नावाच्या घराकडे जा. स्मशानभूमीत झाडलोट करणारे रेमों इझिदोर यांनी 1938 च्या सुमारास फुटक्या बशा-कपांचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली आणि स्वतःचं अख्खं घर मढवलं. भिंती, अंगण, खुर्च्या, बायकोचं शिवणयंत्रसुद्धा! 1964 मध्ये ते गेले. भिंतींवर त्यांनी शार्त्रचं कॅथेड्रलही काढलंय, दोन्ही मनोऱ्यांसकट. हिवाळ्यात हे घर बंद असतं, तेव्हा वेळ पाहूनच निघा.