पहिलं कोरल घेताना पायाकडे बघा

मंडळी, खाऱ्या पाण्याचा टँक लावून काही महिने झालेत, दोन क्लाउनफिश त्यात छान रुळलेत आणि आता एखादं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, आणावं असं मनात आहे, अशा टप्प्यावर तुमच्यातले बरेच जण आहेत. म्हणून टँक कसा लावायचा यात मी आज शिरत नाही. दुकानात उभं राहिल्यावर काय बघायचं, एवढ्यावरच बोलतो. माझं म्हणणं असं, की पहिल्या कोरलचा रंग शेवटी बघा. आधी बघा, त्याने बूड टेकलंय का.

पण त्याही आधी कायदा, कारण याबाबतीत आपल्याकडे फार गाफीलपणा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली कोरलचे काही गट घातले गेले. दगडी सांगाडा तयार करणारी सगळी कोरल्स, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, त्यात आली. शिवाय ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅन. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही अनुसूची. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद. परदेशातले व्हिडिओ बघून लोक विचारतात, की पहिलं कोरल म्हणून हॅमर घेऊ का, डंकन घेऊ का, कँडी केन घेऊ का. ही सगळी दगडी सांगाड्याची आहेत. तुमचा मुलगा न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला राहत असेल, तर त्याने तिथल्या फार्ममध्ये वाढवलेला तुकडा खुशाल घ्यावा. इथे नाही. दुकानदार म्हणेल, ‘बाहेरून आलंय, समुद्रातलं नाही.’ तरीही नाही.

आणि मालवणला स्नॉर्केलिंगला गेल्यावर एखादा तुकडा खिशात टाकायचा मोह तर मुळीच नको. आपल्या किनाऱ्यावरची ही कोरल्स गढूळ पाण्यात तग धरून राहिलेली आहेत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या वसाहती 2020 मध्ये शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हलवाव्या लागल्या. ज्या मुंबईच्या समुद्राला आपण नाक मुरडतो, तिथे कोरल जगतंय, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. त्याला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही.

मग उरतं काय? भरपूर उरतं. चकतीसारखं मश्रूम, छोट्या फुलांच्या गुच्छासारखे झोआ, चामड्यासारखं लेदर ही मऊ कोरल्स या यादीत येत नाहीत. घेताना बिल मात्र मागा, आणि माल कुठून आला तेही विचारा. जो सरळ उत्तर देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

माझी शिफारस मश्रूमची, त्यातही डिस्कोसोमा नावाच्या साध्या प्रकाराची. महागड्या, फुगे आलेल्या मश्रूमच्या मागे आत्ता लागू नका. आणि ‘एलिफंट इअर’ नावाचं ताटाएवढं मश्रूम कोणी स्वस्तात देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. ते पिशवीसारखं मिटतं आणि लहान मासा आत ओढून पचवून टाकतं. क्लाउनफिशवाल्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

आता दुकानात चला. टँकवर निळा लाइट असतो. त्याखाली सगळंच चमकतं, आजारी कोरलसुद्धा. ‘दोन मिनिटं पांढरा लाइट लावता का?’ असं विचारा. पांढऱ्या उजेडात थोडं तपकिरी, थोडं मळकट दिसणारं मश्रूम बघून हिरमुसू नका. तो तपकिरीपणा त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा असतो, आणि त्याचं बरंचसं पोट त्यांच्यावरच चालतं. काळजी करायची ती पांढुरक्या, आरपार दिसू लागलेल्या कोरलची. त्याच्या अंगातलं शैवाल निघून गेलंय. लेदरमध्ये तर रंगात बुडवून पिवळी-गुलाबी केलेली कोरल्सही बाजारात येतात. हळदीसारखा एकसारखा पिवळा रंग बुडापासून शेंड्यापर्यंत दिसला, तर संशय घ्यायलाच हवा.

मग तोंड बघा. चकतीच्या मधोमध छोटी फट असते. ती मिटलेली हवी. तोंड आ वासलेलं असेल, त्यातून पांढरे दोरे बाहेर लोंबत असतील, तर तो जीव त्रासात आहे. चकतीच्या कडा वर वळून तिचं नरसाळं झालं असेल, तर बहुधा त्याला उजेड कमी पडतोय. तेवढ्यावरून घेऊ नका असं मी म्हणणार नाही.

आणि आता पाय. वांगी घेताना आपण देठ बघतो ना, तसं इथे चकतीखालचा आखूड दांडा बघायचा. मश्रूम कापून त्याचे विकायचे छोटे तुकडे, म्हणजे फ्रॅग, करतात. पण त्याला इतका चिकट स्राव सुटतो, की त्यावर गोंद नीट धरत नाही. जाणकार माणूस कापलेले तुकडे खडीच्या डब्यात ठेवतो, ते आपणहून चिकटेपर्यंत थांबतो आणि मगच विकतो. घाईत असलेला माणूस कालचा तुकडा आज प्लगवर, म्हणजे कोरल बसवायच्या छोट्या बैठकीवर, दाबून विकतो. फरक कसा ओळखायचा? दुकानदाराला पिपेटने त्यावर पाण्याचा हलका झोत मारायला सांगा. चकती डोलेल, दांडा जागचा हलता कामा नये. दांड्याची एक कड उचलली जात असेल, खाली गोंदाची पांढरी रेघ दिसत असेल, तर म्हणा, ‘पंधरा दिवसांनी येतो.’ त्याच प्लगवर मोठ्या मश्रूमच्या शेजारी नखाएवढं पिल्लू दिसलं, तर मात्र तोच प्लग घ्या. मश्रूम सरकताना पायाचा कण मागे ठेवतं आणि त्यातून नवं उगवतं. पिल्लू दिसतंय म्हणजे हा जीव इथे बरेच दिवस सुखाने राहतोय. माझ्या मते दुकानदाराच्या कुठल्याही हमीपेक्षा हा पुरावा मोठा.

प्लग उलटा करूनही बघा. काचेसारखी पारदर्शक, लांब दोऱ्यांची छोटी फुलं दिसली तर ती एप्टेझिया नावाची उपद्रवी सी ॲनिमोन. एकदा घरात शिरली की काढता काढता नाकी नऊ येतात. हिरवे टपोरे मणी म्हणजे बबल अल्गी, तेही नको असलेलं शैवाल. घरी आणल्यावर टँकचंच थोडं पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात कोरल डिप, म्हणजे किडे मारणारं औषध, मिसळा आणि प्लग बुडवा, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ. डिपने किडे मरतात, त्यांची अंडी मरतीलच असं नाही. म्हणून शक्य असेल तिथे कोरल सोडवून प्लग फेकून द्यावा.

झोआबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण घरात लहान मुलं असतात. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळं काढलं गेलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. झोआ असलेला खडक गरम पाण्याने धुवायचा नाही, उकळायचा तर अजिबात नाही, कारण वाफेतून घरातले सगळे आजारी पडू शकतात. कापायचं तर हातमोजे आणि चष्मा हवाच. मी पहिलं कोरल म्हणून झोआ सुचवत नाही, त्याचं कारण हे.

लेदर घेतलंत, तर ते अधूनमधून पॉलिप, म्हणजे अंगावरची फुलासारखी छोटी तोंडं, मिटून घेतं आणि त्याच्या अंगावर मेणचट पापुद्रा येतो. पापुद्रा टाकायची ती त्याची नेहमीची रीत आहे. त्या दिवसांत पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा आणि हात लावू नका.

घरच्या पाण्याचं थोडक्यात सांगतो. तापमान 25-26 डिग्री, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 च्या आसपास, पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं. बाष्पीभवनाने पातळी उतरली की गोडं आरओ पाणीच घालायचं, कारण मीठ उडून जात नाही. नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. मश्रूमला थोडं नायट्रेट हवं असतं. एप्रिल-मेमध्ये मात्र खोलीच 32 डिग्रीला जाते. पाणी थंड करणारा चिलर नसेल तर पहिलं कोरल पावसाळ्यानंतर घ्या. वीज जाण्याचा त्रास असेल, तर बॅटरीवरचा एअर पंप आधी आणि कोरल नंतर.

आणल्यावर त्याला खाली, कमी उजेडात आणि संथ प्रवाहात ठेवा. एवढं बघून आणलेलं मश्रूमही कधी प्लग सोडून तरंगत एखाद्या कोपऱ्यात जाऊन पडतं. ते मेलं असं समजू नका. बुडाला भोकं असलेल्या छोट्या डब्यात खडी घाला, मश्रूम त्यावर ठेवा, वर जाळी बांधा आणि डबा टँकमध्येच सावलीला ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांत ते एखाद्या खड्याला चिकटतं. मग तो खडा उचलून हवा तिथे गोंदाने बसवा. गोंद खड्याला लावायचा, मश्रूमला नाही.